दाणा बंद

लेयर फार्मवरच्या कोंबडीचं वय आठवड्यांत मोजतात. अठरा-वीस आठवड्यांची तलंग पिंजऱ्यात येते, पुढच्या दोन-अडीच महिन्यांत जवळजवळ रोज एक अंडं देऊ लागते, आणि बहात्तरावा आठवडा उलटला की शेडचा मालक हिशोबाची वही उघडून बसतो. अंडी कमी झालेली असतात, कवच पातळ झालेलं असतं, तडा गेलेल्या अंड्यांचे ट्रे वाढलेले असतात. खाद्य मात्र पूर्वीइतकंच लागतं, आणि अंड्याच्या खर्चात खाद्याचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो. अशा वेळी त्याच्यापुढे दोन रस्ते असत. पहिला म्हणजे सगळा लॉट मांसासाठी विकायचा आणि नव्या तलंगा आणायच्या. म्हणजे एकही अंडं न देणाऱ्या पक्ष्यांना साडेचार महिने खायला घालण्याचा खर्च पुन्हा सोसायचा. दुसरा म्हणजे आहेत त्याच कोंबड्यांकडून अंड्यांची दुसरी फेरी काढून घ्यायची. या दुसऱ्या रस्त्याला पुस्तकात फोर्स्ड मोल्टिंग म्हणतात. शेडवर ‘लॉट मोल्टिंगला टाकला’ एवढं म्हटलं की सगळ्यांना समजे. दाणा बंद.

त्याची रीत ठरलेली होती. सोळा तासांचा उजेड आठ तासांवर आणायचा आणि खाद्याची पन्हळ रिकामी ठेवायची. पाणी बहुतेक ठिकाणी चालू असे; काही ठिकाणी सुरुवातीचा एखाद-दुसरा दिवस तेही तोडत. पहिल्या दिवशी शेडमध्ये प्रचंड कलकलाट होतो. दाणा पडायची वेळ पक्ष्यांना पक्की ठाऊक असते, त्या वेळेला हजारो माना एकदम पन्हळीवर येतात. मग रिकाम्या पत्र्यावर चोची आपटण्याचा आवाज सुरू होतो, आणि त्यानंतर शेजारणीच्या पाठीवरचं पीस उपटून गिळणं. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत अंडी जवळपास थांबतात. लालभडक तुरा फिका पडतो, आक्रसतो, एका बाजूला कलतो. दहा-बारा दिवसांत मानेची, पाठीची आणि मग पंखांची पिसं गळू लागतात आणि पिंजऱ्यांखालच्या विष्ठेवर पांढरा थर चढतो. कोंबडीचं वजन पाव हिश्शाने, कधी तीस टक्क्यांपर्यंत उतरलं की दाणा बेताबेताने पुन्हा सुरू करायचा. ज्यांना तग धरता आला नाही त्या तोवर मरतुकीच्या रकान्यात गेलेल्या असतात. उरलेल्यांना नवी पिसं फुटतात. दाणा तोडल्यापासून सहा-आठ आठवड्यांनी अंडी परत सुरू होतात, आकाराने मोठी आणि कवचाने घट्ट.

उपाशी राहून अंडी थांबवायची, पिसं टाकायची आणि नव्याने उभं राहायचं, ही ताकद माणसाने कोंबडीत घातलेली नाही. घराघरांत गावठी कोंबड्या होत्या तेव्हा गावातल्या कोणत्याही बाईला ती माहीत होती. खुडूक बसलेली कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवरून हलत नाही. दिवसातून एकदा उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते आणि अंडी गार पडायच्या आत परत जाऊन बसते. पिल्लं काढायची नसतील तर बायका तिला पाण्यात बुचकळत, डालग्याखाली कोंडत, नाही तर तिच्या नाकपुडीत पीस खोचून ठेवत, कारण खुडूक मोडल्याशिवाय ती पुन्हा अंड्यावर येत नाही. १९८० साली निकोलस म्रोसोव्स्की आणि डेव्हिड शेरी या दोघांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्राण्यांच्या अशा आपणहून केलेल्या उपासांवर लेख लिहिला. त्यात रानकोंबडीची मादी ठळकपणे आहे. अन्न हाताशी असलं तरी उबवणीच्या दिवसांत ती फारसं खात नाही, वजन उतरू देते. अंटार्क्टिकावरचा सम्राट पेंग्विन पिसं बदलत असताना पाण्यात उतरू शकत नाही. तोही उपाशीपोटीच नवी पिसं आणतो. पक्ष्याच्या शरीरात उपासाची एक जुनी वाट तयार असते आणि शेडवाल्याने नेमकी तीच वाट वापरली. पण खुडूक कोंबडीची भूक आतूनच मंदावलेली असते. पिंजऱ्यातल्या कोंबडीची भूक शाबूत असते, फक्त समोरची पन्हळ रिकामी असते. पुढची सगळी कथा वाचताना हा फरक विसरून चालणार नाही.

ही वाट शरीरात कुठून जाते, ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. दिल्लीत मुनिरका गावाच्या गल्ल्यांत कोंबडीची दुकानं आहेत. तिथे पक्षी डोळ्यांदेखत सोलला जातो. मान जिथे छातीत शिरते तिथे, दाण्याच्या पिशवीच्या जरा वर, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना मानेच्या मोठ्या शिरेला चिकटून दोन गडद लाल, लांबट गोळ्या दिसतात. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. माणसात थायरॉइडचे दोन भाग मध्ये जोडलेले असतात. पक्ष्यात त्या दोन स्वतंत्र ग्रंथी असतात. सुरीच्या एका फटक्यात आतड्यांबरोबर त्या कचऱ्याच्या बादलीत जातात. मी एकदा दुकानदाराला थांबवून त्या वेगळ्या काढायला लावल्या. वीस वर्षं कोंबड्या कापणाऱ्या त्या माणसाने त्या रोज पाहिल्या होत्या, पण त्या कशासाठी असतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि पुढची कोंबडी सोलताना स्वतःहून त्या शोधून दाखवल्या.

हॉर्मोनचं शास्त्र सुरू झालं तेच कोंबड्यापासून. १८४९ साली जर्मनीत ग्यॉटिंगेनला आर्नोल्ड बेर्टहोल्ड याने कोंबड्यांचे वृषण काढले. तुरे सुकले, आरवणं आणि भांडणं थांबली. मग काही कोंबड्यांत वृषण पोटात भलत्याच जागी, नसांशी कसलाही संबंध उरलेला नसताना बसवले, तर तुरा पुन्हा तरारला. अवयवातून रक्तात काहीतरी उतरतं आणि दूरवर काम करतं, हे त्यातून दिसलं. थायरॉइडमधलं ते ‘काहीतरी’ हाती यायला मात्र पुढे पासष्ट वर्षं गेली. १९१४च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल याने डुकरांच्या टनावारी ग्रंथींमधून थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे काढले. १९२०च्या दशकात हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी त्याची रचना उलगडली आणि ते प्रयोगशाळेत बनवलं. एका रेणूत आयोडिनचे चार अणू, म्हणून त्याला टी-४ म्हणतात.

त्याच दशकात मॉस्कोमध्ये बोरिस झावादोव्स्की कोंबड्यांना वाळवलेली थायरॉइड ग्रंथी खाऊ घालत होता. मोठी मात्रा दिली की थोड्याच दिवसांत कोंबडीची पिसं झडत आणि नवी उगवत. रंगीत कोंबड्यांना नवी पिसं पांढरट येत. उलट ग्रंथी काढून टाकली की पिसगळ बिनसते आणि आलेलं पीस सैल, झालरीसारखं, कडा न जुळणारं येतं, हेही पुढे दिसलं. थायरॉइड आणि पिसांचं नातं असं पक्कं झालं. उपास आणि थायरॉइडचं नातं अजून कोणालाच दिसत नव्हतं, कारण रक्तातलं हॉर्मोन मोजायची सोयच नव्हती. शिवाय खरं काम करणारं हॉर्मोन कोणतं, हेही माहीत नव्हतं. १९५२ साली लंडनमध्ये जॅक ग्रॉस आणि रोझलिंड पिट-रिव्हर्स यांना तीन आयोडिनचं हॉर्मोन सापडलं, टी-३. ते टी-४पेक्षा कितीतरी जोमदार होतं.

दिल्लीत त्या वर्षांत थायरॉइडचा विचार माणसाच्या गळ्यावरून होत होता. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात गलगंडाने गावंच्या गावं त्रासलेली होती. १९५६ साली व्ही. रामलिंगस्वामी यांनी कांगडा खोऱ्यात प्रयोग मांडला: काही भागांना आयोडिनयुक्त मीठ, काही भागांना साधं, आणि मग वर्षानुवर्षं गळे तपासणं. आयोडिनच्या मिठाने गलगंड घटला. त्यावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. मुनिरक्याहून थोड्याच अंतरावर असलेल्या एम्समधून हे काम पुढे चाललं, आणि कांगड्याच्या निष्कर्षांचा १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेला लेख उघडला की लेखकांच्या नावांत एम. जी. देव आणि एम. जी. करमरकर ही दोन मराठी आडनावं भेटतात. देव यांनी त्याआधी रामलिंगस्वामींबरोबर माकडांवर प्रथिनांच्या उपासमारीचे परिणाम अभ्यासले होते. पुढे याच एम्समध्ये चंद्रकांत पांडव यांनी आयोडिनच्या मिठासाठी आयुष्य वेचलं. दिल्लीतल्या मराठी माणसांच्या कामाबद्दल बोलताना आपण संसद आणि साहित्य संमेलनांपाशी थांबतो. देशाच्या मिठात आयोडिन जाण्यात या मंडळींचा हात होता, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मोजण्याची अडचण सोडवली रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन या अमेरिकन जोडीने. किरणोत्सारी खूण लावलेलं हॉर्मोन आणि त्याला पकडणारी प्रतिपिंडं वापरून रक्तातलं अत्यल्प प्रमाण मोजायची त्यांची पद्धत सत्तरच्या दशकात थायरॉइडपर्यंत पोचली. १९७७ साली यालो यांना नोबेल मिळालं, बर्सन तेव्हा हयात नव्हते. टी-३ रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये नॅनोग्रॅमच्या घरात असतं. ते मोजता येऊ लागताच उपासाचं कोडं उलगडायला लागलं, आणि तेही आधी माणसात. १९७५च्या सुमारास अमेरिकेत व्हॅजेनाकिस आणि त्यांचे सहकारी यांनी पूर्ण उपास करणाऱ्यांचं रक्त तपासलं. टी-४ जवळपास होतं तेवढंच होतं. टी-३ मात्र झपाट्याने खाली आलं होतं, आणि त्याच्या जागी उलटं टी-३ नावाचं निष्क्रिय रूप वाढलं होतं. ग्रंथी आपलं काम करतच होती. तिचा माल शरीरात पोचल्यावर वेगळ्या दाराने बाहेर जात होता.

कोंबडीचं उत्तर १९७८ साली आलं. जे. डी. मे या अमेरिकन संशोधकाने उपाशी ठेवलेल्या कोंबड्यांच्या रक्तातली दोन्ही हॉर्मोन मोजली. टी-३ घसरलं होतं, जसं माणसात घसरतं. पण टी-४ वाढलं होतं. दाणा परत दिला की दोन्ही आपापल्या जागी येत. हे बदल इतक्या भराभर होतात यामागे पक्ष्याच्या शरीराची एक खासियत आहे. माणसाच्या रक्तात टी-४ला घट्ट धरून ठेवणारं एक वाहक प्रथिन असतं, त्यामुळे एकदा सुटलेलं टी-४ निम्मं व्हायला आठवडाभर लागतो. कोंबडीत ते प्रथिन तसं नाही. तिचं टी-४ काही तासांतच निम्मं होतं. म्हणून सकाळी चुकलेला दाणा तिच्या रक्तात दुसऱ्या दिवसापर्यंत उमटलेला असतो.

हा बदल होतो कसा, ते बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठात कळलं. तिथल्या एडी डेक्यूपेर, एदुआर्द क्यून आणि वेर्ले दारास यांनी वर्षानुवर्षं कोंबडीच्या थायरॉइडचा पिच्छा पुरवला. टी-४मधला एक आयोडिन काढायला शरीरात विकरं असतात. बाहेरच्या कड्यातला आयोडिन काढला की जोरदार टी-३ तयार होतं. आतल्या कड्यातला काढला की हॉर्मोन निकामी होतं. तयार टी-३सुद्धा याच मार्गाने मोडीत निघतं. खाल्लेल्या कोंबडीच्या यकृतात हे मोडणारं विकर, म्हणजे तिसऱ्या प्रकारचं डीआयोडिनेज, नगण्य असतं. उपाशी कोंबडीच्या यकृतात ते फोफावतं. १९९५ साली या गटाने दाखवलं की त्यासाठी पूर्ण उपासाचीही गरज नाही, दाणा नुसता कमी केला तरी हे विकर वाढतं. टी-३ हे शरीराची भट्टी चढी ठेवणारं हॉर्मोन. ते मोडीत निघालं की कोंबडी कमी उष्णता तयार करते, कमी जाळते आणि आहे त्या चरबीवर दिवस काढते. दाणा पडला की काही तासांत विकर ओसरतं आणि टी-३ वर चढतं. टी-४ मात्र उपासात चढलेलंच राहतं, आणि नवी पिसं उगवायची वेळ आलेली असताना ते पक्ष्याच्या हाताशी असतं.

म्हणजे शेडवाला जे डोळ्यांनी पाहत होता ते सगळं या दोन ग्रंथी आणि यकृत मिळून घडवत होते. उजेड कमी करणं हासुद्धा त्यातलाच धागा होता, हे आणखी उशिरा समजलं. २००३ साली जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या ताकाशी योशिमुरा यांच्या गटाने लावा पक्ष्यावर दाखवलं की दिवस मोठा झाला की मेंदूच्या तळाशी टी-४चं टी-३ होऊ लागतं आणि त्यातून अंडाशयाला जाग येते. दिवस लहान झाला की ते थांबतं. रानातला पक्षी म्हणूनच ठराविक ऋतूतच घरटं करतो.

मग आपली कोंबडी वर्षभर अंडी कशी देते? हा प्रश्न मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा वाटतो, आणि त्याचं उत्तरही थायरॉइडपाशीच येतं. २०१० साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या लेइफ आंदेरसन यांच्या गटाने पाळीव आणि रानकोंबड्यांची जनुकं ताडून पाहिली. जगभरच्या पाळीव कोंबड्यांत एक बदललेलं जनुक जवळजवळ सरसकट सापडलं. ते थायरॉइडला हुकूम देणाऱ्या हॉर्मोनच्या ग्राहकाचं जनुक होतं, ऋतूंची साखळी सैल करणाऱ्या जागेवरचं. २०१७ साली ऑक्सफर्डच्या लिसा लोग आणि ग्रेगर लार्सन यांच्यासह संशोधकांनी युरोपातल्या उत्खननांत मिळालेल्या जुन्या कोंबड्यांच्या हाडांतला डीएनए वाचला. या जनुकाचा फैलाव साधारण हजार वर्षांपूर्वीपासून वेगाने झाल्याचं त्यांच्या गणितातून निघालं. त्याच काळात युरोपभर ख्रिस्ती मठांचे उपासाचे नियम कडक होत होते. उपासाच्या दिवशी चार पायांच्या प्राण्यांचं मांस वर्ज्य होतं; कोंबडी आणि अंडी चालत. मागणी वाढली, गर्दीत राहू शकणाऱ्या आणि जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्या लोकांनी राखल्या. कारण हेच होतं असं त्यांनी छातीठोकपणे म्हटलेलं नाही, पण काळ जुळतो एवढं नक्की. श्रावण आला की आपल्याकडे अंड्याचा दर उतरतो. तिकडे माणसांच्या उपासाने कोंबडीला चांगले दिवस आले. आणि त्याच कोंबडीवर विसाव्या शतकात माणसाने उपास लादला.

तो लादला गेला तो अमेरिकेत. पिसगळ लवकर आणण्याचे प्रयोग तिथे आधीपासून होत होते, पण साठच्या दशकापासून कॅलिफोर्नियात डोनाल्ड बेल यांच्यासारख्या विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी त्याचा खर्च-नफा मांडून दाखवला आणि पद्धत पसरली. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतले तीन चतुर्थांशांहून अधिक लेयर लॉट मोल्टिंगमधून जात.

भारतात पिंजऱ्यातला कुक्कुटव्यवसाय जोमाने वाढला तो सत्तरच्या दशकात. १९७१ साली हैदराबादला बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे तिचं मुख्यालय पुण्याला आलं. पुणे, नाशिक, सांगली या पट्ट्यांत शेतीला जोड म्हणून शेड उभ्या राहू लागल्या. परदेशी रक्ताच्या संकरित कोंबड्या आल्या, तसे त्यांचे तक्ते आणि पुस्तिकाही आल्या, आणि त्याबरोबर मोल्टिंगही आलं. अंड्याचा दर तेव्हा दलालाच्या हातात होता. उत्पादनखर्चाच्या खाली दर गेले की लहान शेडवाला उठून जाई. १९८२ साली राव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची राष्ट्रीय अंडी समन्वय समिती झाली आणि दर उत्पादक स्वतः जाहीर करू लागले. ही फार मोठी गोष्ट होती. आपल्या मालाचा दर स्वतः सांगणारे शेतकरी या देशात विरळाच. मुनिरक्याच्या कोपऱ्यावर ऑम्लेटची गाडी लावणारासुद्धा आज हरियाणातल्या बरवाल्याचा दर काय निघाला ते विचारतो, ते या समितीमुळे.

पण दर हातात आला तरी खाद्याचा खर्च हातात येत नाही. मका आणि सोयापेंड महागली, अंड्याला मागणी नसली आणि लॉट म्हातारा असला, की दाणा बंद करणं हिशोबात चपखल बसे. त्यात मुद्दाम क्रौर्य करावं असं कोणाच्या मनात नव्हतं. पुस्तकात होतं, शेजारचा करत होता, आणि कोंबडी पुन्हा अंड्यावर येत होती.

पुणे-सोलापूर रस्त्यावरचं उरुळी कांचन मला या संदर्भात नेहमी आठवतं. मार्च १९४६मध्ये गांधीजी तिथे राहिले आणि निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. मणिभाई देसाईंनी तो पुढे चालवला. माणसं आजही तिथे आपल्या मर्जीने उपास करायला येतात. त्याच गावात बी. व्ही. राव यांच्या नावाची कुक्कुटपालन शिकवणारी संस्था आहे. आश्रमात तीन दिवस फक्त पाण्यावर राहिलेल्या माणसाचं रक्त तपासलं तर त्याचं टी-३ उतरलेलं दिसेल, उपाशी कोंबडीसारखंच. त्या माणसाला मात्र कधी जेवायचं ते ठरवता येतं.

विरोध सुरू झाला तो पाश्चात्त्य देशांत, आणि त्याला दोन बाजूंनी बळ मिळालं. एक बाजू दयेची होती. दुसरी जंतूंची. १९९०च्या दशकात अमेरिकन कृषी खात्यातल्या पीटर होल्ट यांनी दाखवलं की मोल्टिंगमधल्या उपाशी कोंबडीची प्रतिकारशक्ती इतकी ढासळते की साल्मोनेलाची लागण व्हायला मोजके जंतूही पुरतात, आणि तो जंतू अंड्यातून माणसापर्यंत येतो. २००० साली मॅकडोनाल्ड्सने आपल्या अंडी पुरवठादारांना दाणा तोडायला मनाई केली. अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेने २००६पासून आपल्या नियमांत फक्त दाणा चालू ठेवून केलेली पिसगळ मान्य केली.

दाणा चालू ठेवून पिसगळ होऊ शकते, हे त्याआधीच सिद्ध झालं होतं. इलिनॉय विद्यापीठाने कोंबड्यांना गव्हाच्या कोंड्यावर आणि मक्यावर ठेवून पाहिलं. कोंड्यात पोट भरतं पण ऊर्जा कमी मिळते, कॅल्शियम जवळपास नसतं. त्यामुळे अंडाशय आपोआप शांत होतं. अंडी थांबली, वजन उतरलं आणि दुसऱ्या फेरीतली अंडी उपाशी ठेवलेल्या कोंबड्यांच्या तोडीस तोड निघाली. ल्युव्हेनच्या प्रयोगाशी हे नीट जुळतं. शरीराला अर्धवट भूकही कळते, यकृताची दिशा बदलायला रिकामी पन्हळ लागत नाही. इतकी वर्षं हजारो शेडमध्ये कोंबड्या जे भोगत होत्या त्यातलं बरंचसं त्या प्रक्रियेसाठी लागतच नव्हतं, हे समजल्यावर मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

भारतात २०११ साली प्राणी कल्याण मंडळाने उपाशी ठेवून केलेलं मोल्टिंग तत्काळ थांबवायला सांगितलं. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला आणि त्याखाली १९६२ साली हे मंडळ झालं. मंडळाने आधार घेतला तो याच कायद्याच्या अकराव्या कलमाचा: मालकाने आपल्या जनावराला पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा न देणं हा गुन्हा आहे. कायद्यात पिसगळ हा शब्द नाही, कोंबडीचा वेगळा उल्लेखही नाही. पुरेसं अन्न या शब्दांवर सगळं उभं आहे. आणि दंड? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. दहा हजार पक्ष्यांच्या शेडला एका ट्रे अंड्यांच्या किमतीहून कमी दंड. त्या वेळी काही शेडवाल्यांनी ऐकलं, काहींनी नाही; मग नव्या संकरित जाती नव्वद-शंभर आठवड्यांपर्यंत चांगली अंडी देऊ लागल्या आणि मोल्टिंगची निकडच पुष्कळ ठिकाणी कमी झाली.

अंड्याच्या कोंबडीपुरतं हे झालं. मांसाच्या कोंबडीच्या आईबापांचा उपास मात्र अनेक ठिकाणी चालूच आहे. ब्रॉयलरची भूक पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेली आहे. त्याचे आईबाप मनसोक्त खाऊ लागले तर लठ्ठ होऊन अंडी देईनासे होतात, पाय आणि हृदय दगा देतात. म्हणून वाढीच्या महिन्यांत त्यांना भुकेच्या निम्म्याहूनही कमी दाणा देतात, आणि अनेक ठिकाणी तो एक दिवसाआड देतात, म्हणजे सगळ्यांच्या वाट्याला येईल इतका एका वेळी पडतो. एक दिवस दाणा, एक दिवस नुसतं पाणी, वयाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मादी अंड्यावर येईपर्यंत. या पक्ष्यांचं रक्त तपासलं की टी-३ दाण्याच्या दिवशी चढलेलं आणि उपासाच्या दिवशी उतरलेलं सापडतं. पुढच्या वीसेक आठवड्यांत त्यांचं यकृत दर दुसऱ्या दिवशी हीच दिशा बदलत राहतं, आणि मुनिरक्यात काय किंवा पुण्यात काय, ताटात येणारी ब्रॉयलर कोंबडी बहुधा अशाच आईची लेक असते.